छायाचित्राच्या पाठीवरची नोंद

पांढुर्णा आणि सौंसर या भागातील जुन्या मराठी घराण्यांत एखादी तरी पेटी अशी असते, की जिच्यात घरातील छायाचित्रे कापडात गुंडाळून जपलेली असतात. फेटा बांधून खुर्चीवर ताठ बसलेले आजोबा, नऊवारी नेसलेल्या आजी, मुंजीतला बटू, लग्नातील वऱ्हाड अशी ती छायाचित्रे असतात. पुष्कळशा चित्रांत मागे स्टुडिओतील रंगविलेला पडदा दिसतो आणि त्या पडद्यावर कारंजे, वेली व दूरचे डोंगर रंगविलेले असतात. गंमत अशी की, निसर्ग म्हणून या पेट्यांत जे काही शिल्लक आहे, ते बहुधा या पडद्यावरचेच. पेटीच्या बाहेर, दाराशी खरा सातपुडा उभा असताना त्याचे चित्र मात्र पेटीत नसते.

हे आश्चर्य अधिक वाटते ते अशासाठी, की आपली घराणी नोंदी ठेवण्यात मागे नव्हती. भोसल्यांच्या काळापासून या मुलखात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांनी सनदा जपल्या, जमिनीचे कागद जपले, कुळांच्या याद्या जपल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. त्यानंतर भाषेची आणि सणवारांची नोंदही आपण जाणीवपूर्वक ठेवली. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात आला, तेव्हा या जुन्या कागदांची आठवण पुन्हा निघाली. मात्र या भूमीवर आपल्यासोबत राहिलेल्या पशुपक्ष्यांची, फुलपाखरांची आणि झाडांची नोंद आपल्या दप्तरात जवळजवळ नाही. भूगर्भशास्त्रज्ञांनी मँगनीजयुक्त खडकांच्या एका समूहाला सौंसरचे नाव दिले आणि ते देशोदेशीच्या ग्रंथांत गेले. सौंसरच्या खडकांना हा मान मिळाला. सौंसरच्या पाखरांना कोणी विचारले नाही.

आता परिस्थिती पालटली आहे. हातातील मोबाइलवर दिवसाला शंभर चित्रे निघतात. सेवानिवृत्त मंडळी, शिक्षक, दुकानदार, महाविद्यालयीन मुले असे अनेकजण सुटीच्या दिवशी सिल्लेवानी घाटाकडे किंवा पेंचकडे कॅमेरा घेऊन निघतात. हा छंद आनंदाचा आहेच. पण तो वाढवावा कसा, त्यात प्रगती कशी करावी, असा प्रश्न पडला की चर्चा बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीवर येऊन थांबते. या छंदाचा इतिहास तपासला तर वेगळेच चित्र दिसते. ज्यांनी या क्षेत्रात मोलाचे काम केले, त्यांच्याजवळ तीन गोष्टी होत्या : धीर, एका जागेची ओळख आणि नोंद ठेवण्याची सवय. त्यातही तिसरी गोष्ट इतकी महत्त्वाची, की तिच्याअभावी उत्तम चित्रही काही वर्षांनी मुके होते. प्रस्तुत लेखात हाच धागा धरून काही उदाहरणे मांडली आहेत.

बंदूक, लेखणी आणि दोन डॉक्टर

सातपुड्यातील वन्यजीवनाचे पहिले विस्तृत वर्णन लष्करी व मुलकी साहेबांच्या पुस्तकांत सापडते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ मध्ये आणि रॉबर्ट स्टर्नडेल यांचे सिवनीच्या रानातील मुक्कामांवरील पुस्तक १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. किप्लिंगच्या मोगलीकथांना स्टर्नडेलच्या वर्णनांचा आधार मिळाला, असे मानले जाते. या लेखकांची नजर तीक्ष्ण होती, पण प्राणी पाहायचा तो बंदुकीच्या नळीवरून, हा त्या काळचा रिवाज होता. प्राण्याचा पुरावा म्हणजे त्याचे कातडे किंवा शिंगे.

याच काळात मुंबईत निराळी घटना घडली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ हौशी मंडळींनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून डॉ. आत्माराम पांडुरंगांचे नाव आपल्याला परिचित आहे. त्यांची ही दुसरी ओळख मात्र फारशी सांगितली जात नाही. महिन्यातून एकदा जमावे, आपण पाहिलेल्या प्राण्या-वनस्पतींच्या टिपणांची देवाणघेवाण करावी, एवढाच आरंभीचा उद्देश. संस्थेचे नियतकालिक १८८६ मध्ये निघाले आणि त्याच्या पहिल्या संपादकांत सिवनीचे ते स्टर्नडेल होते. आपल्या शेजारच्या रानातून निघालेली लेखणी अशी मुंबईच्या हौशी मंडळींपर्यंत पोहोचली. हौसेने केलेल्या टिपणांतून शास्त्र उभे राहू शकते, याचे हे आपल्याकडील आरंभीचे उदाहरण होय.

कुंडीतला वाटाणा

मराठी माणसाच्या हातून घडलेल्या निसर्ग-छायाचित्रणाची पहिली ठळक कथा दादासाहेब फाळके यांची आहे आणि तिचा नायक वाघ किंवा गरुड नव्हता, तर वाटाण्याचा एक दाणा होता. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेल्या आणि गोध्र्याला स्टुडिओ चालविलेल्या दादासाहेबांनी १९१२ मध्ये लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा आणला. चित्रपट काढण्यासाठी भांडवल हवे होते आणि भांडवल देणाऱ्यास या नव्या विद्येची खात्री पटवायची होती. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसविला आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. दाण्यातून कोंब फुटला, कोंबाचा वेल झाला. सलगपणे दाखविल्यावर तो वेल पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत वर चढू लागला. 'अंकुराची वाढ' या नावाने ही छोटी चित्रफीत ओळखली जाते. पुढल्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

चित्रपटाच्या इतिहासात या वाटाण्याचा उल्लेख प्रस्तावनेपुरता येतो. निसर्ग टिपणाऱ्याने मात्र त्याच्याजवळ थोडे थांबावे. दादासाहेबांनी विषय घरातलाच निवडला. कॅमेरा एकाच जागी, एकाच कोनात ठेवला. आणि दिवसांचा हिशेब चुकू दिला नाही. एखाद दिवस कंटाळा केला असता तर वेलाने मध्येच उडी मारली असती. आपल्या छंदाचा सारा पाया या तीन गोष्टींत आला.

संत्र्याच्या मुलखात अशी कुंडी शोधायला लांब जावे लागत नाही. संत्र्याच्या व लिंबाच्या कोवळ्या पानांवर काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे एक फुलपाखरू अंडी घालते. बागाईतदार त्याच्या अळीला पाने खाणारी कीड म्हणून ओळखतात. अंड्यातून निघालेली लहान अळी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला टाळतात. पाच अवस्थांतून वाढत जाताना शेवटच्या अवस्थेत ती पानासारखी हिरवी होते, मग कोषावस्थेत जाते आणि काही दिवसांनी कोषातून ओलसर पंखांचे फुलपाखरू बाहेर पडते. परसातील एका झाडावर, रोज सकाळी एकाच वेळी, एकाच अंतरावरून हा क्रम टिपला तर महिन्याभरात एक संपूर्ण जीवनकथा हाती येते. बागेवर औषध फवारण्याआधी पाहिलेली ही कथा शेतकऱ्यालाही उपयोगाची आहे, कारण अळीची कोणती अवस्था कोणत्या बहराच्या पालवीवर येते, हे त्या चित्रांच्या तारखांवरून कळते.

दोरीला अडखळलेला वाघ

वाघाच्या छायाचित्राचा इतिहास एका वनाधिकाऱ्यापासून सुरू होतो. संयुक्त प्रांतातील वनखात्यात असलेले फ्रेडरिक चॅम्पियन यांनी शिकारीकडे पाठ फिरवून रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांची छायाचित्रे घेण्याचा ध्यास घेतला. वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ते बारीक तार आडवी बांधीत. वाघाचा पाय तारेला लागला की कॅमेऱ्याचे शटर उघडे आणि मॅग्नेशियमची भुकटी भडकून प्रकाश पडे. वाघ स्वतःच आपले छायाचित्र काढी! १९२५ मध्ये ही चित्रे लंडनच्या सचित्र साप्ताहिकात झळकली आणि १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले.

चॅम्पियन यांच्या कामातील खरी किमया प्रकाशाच्या भडक्यात नव्हती. तार कोठे बांधावी, हे त्यांना कळत होते. त्यासाठी पावलांचे ठसे वाचावे लागत, पाणवठे माहीत असावे लागत, वाघ कोणत्या वाटेने येईल याचा अंदाज बांधावा लागे. शिवाय चित्रांवरून त्यांच्या ध्यानात आले, की प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना निराळी असते आणि तिच्यावरून तो वाघ ओळखता येतो. ही साधी नोंद पुढे फार मोठ्या कामाला आली. वाघ मोजण्यासाठी आज रानोरान स्वयंचलित कॅमेरे लावतात आणि पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखतात. २०१८ च्या अखिल भारतीय गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले. त्यांनी टिपलेल्या ३ कोटी ४८ लाखांहून अधिक चित्रांतून ७६,६५१ चित्रे वाघांची निघाली आणि त्यांतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. त्या गणनेत मध्यप्रदेशात वाघांची संख्या ५२६ असल्याचा अंदाज निघाला आणि २०२२ च्या गणनेत तो आकडा ७८५ वर गेला. मुळाशी पाहिले तर हा सारा डोलारा प्रत्येक चित्रासोबतच्या तारीख, वेळ आणि ठिकाण या तीन नोंदींवर उभा आहे. त्या काढून टाकल्या तर उरतील ती नुसती वाघांची चित्रे.

आपल्या शेजारच्या पेंचमध्ये या बदलाचा प्रत्यक्ष अनुभव येतो. १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९२ मध्ये व्याघ्रप्रकल्प झालेल्या या जंगलात बी.बी.सी.ने हत्तींच्या साहाय्याने कॅमेरे ठेवून वाघांचे चित्रण केले आणि २००८ मध्ये ते जगभर दाखविले गेले. गळ्यात रेडिओ पट्टा असल्यामुळे 'कॉलरवाली' म्हणून ओळखली गेलेली पेंचची वाघीण १५ जानेवारी २०२२ रोजी मरण पावली, तेव्हा तिच्या आठ वेतांतील एकोणतीस बछड्यांचा हिशेब उपलब्ध होता. एका रानटी वाघिणीचे जणू संपूर्ण सेवापुस्तकच! पेंच नदी कन्हानला मिळते आणि आपली जामही कन्हानलाच मिळते. एका उपनदीच्या काठाला इतका तपशील लाभावा आणि दुसरीच्या काठाची पाटी कोरी राहावी, हे मनाला लागते.

संडूरचे घोरपडे

नोकरीधंदा सांभाळून हा छंद किती उंचीवर नेता येतो, याचे उदाहरण आपल्यासारख्याच एका परप्रांतस्थ मराठी घराण्यात सापडते. कर्नाटकातील बळ्ळारीजवळचे संडूर हे घोरपडे घराण्याचे छोटे संस्थान. अठराव्या शतकापासून कानडी मुलखात राहिलेल्या या घराण्यात ७ डिसेंबर १९३१ रोजी मुरारराव यशवंतराव घोरपडे यांचा जन्म झाला. केंब्रिजला अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन ते राजकारणात आले, संडूरमधून विधानसभेवर निवडून गेले आणि १९७२ ते १९७७ या काळात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते. पुढे ग्रामविकास व पंचायत राज खात्याचाही भार त्यांनी वाहिला. अंदाजपत्रके, विधानसभेची अधिवेशने, मतदारसंघ या सर्व व्यापांतून ते रानासाठी वेळ काढीत. त्यांची कृष्णधवल वन्यजीव-छायाचित्रे देशाबाहेर गाजली. १९८३ मध्ये छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांना 'मास्टर' हा आपला सर्वोच्च किताब दिला आणि त्याच वर्षी 'सनलाइट अँड शॅडोज' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. २९ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

या पुस्तकाचे उपशीर्षक लक्षात घेण्याजोगे आहे. एका भारतीय वन्यजीव-छायाचित्रकाराची रोजनिशी, असे ते आहे. किताब मिळविलेल्या या कलावंताला आपल्या चित्रांच्या जोडीला रोजनिशीच योग्य वाटली.

कृष्णधवल काळातील मर्यादा येथे आठवाव्यात. फिल्मच्या एका रिळात छत्तीस चित्रे. चुकलेले चित्र रीळ धुतल्यावर कळायचे, तोवर हरीण दुसऱ्या रानात गेलेले असायचे. या मर्यादेमुळे छायाचित्रकार बटण दाबण्यापूर्वी विचार करीत असे : उजेड कोठून येतो आहे, प्राण्याच्या मागे काय दिसते आहे, तो पुढच्या क्षणी मान कोणीकडे वळवील? आज ही मर्यादा राहिलेली नाही, पण हौशी माणसाने ती काही दिवस स्वतःवर लादून पाहावी. सकाळच्या फेरीला छत्तीसच चित्रे काढायची, असा नियम केला तर नजर आपोआप तयार होते.

लेबलावर लिहिलेले असत्य

नोंदीचे मोल सांगणारी सर्वांत विलक्षण हकिकत आपल्याच सातपुड्यातील एका छोट्या घुबडाची आहे. या पक्ष्याला मराठीत वनपिंगळा म्हणतात. गावातील वाड्यांच्या भिंतींत राहणाऱ्या नेहमीच्या पिंगळ्याचा हा रानातला भाऊबंद. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, वनपिंगळ्याचे डोके मात्र जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी, म्हणजे पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या त्याच सनदी अधिकाऱ्याने, याचे शास्त्रीय वर्णन केले. पश्चिम खानदेशात मुंबई सरकारचे सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला दिसला नाही.

नाही म्हणायला एक नोंद होती. रिचर्ड माइनर्टझहागेन नावाच्या प्रसिद्ध ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता आणि त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर १९१४ साल व गुजरातेतील मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. जाणत्या अभ्यासकांनी वेळोवेळी या पक्ष्याचा शोध घेतला; तो सापडला नाही. नव्वदीच्या दशकात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुन्या संग्रहांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा धक्कादायक गोष्ट उघड झाली. माइनर्टझहागेन यांचा नमुना मुळात डेव्हिडसन यांनी गोळा केलेला होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा पेंढा भरून, खोटी चिठ्ठी लावून संग्रहात दाखल केला गेला होता. खोट्या चिठ्ठीला बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी जुन्या, खऱ्या नोंदींतील ठिकाणांचा माग काढला. नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारकडील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, दिवसाउजेडी झाडावर बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुरावा म्हणून त्यांनी त्याची छायाचित्रे आणि चित्रफीत घेतली. त्यासाठी पक्ष्याला मारावे लागले नाही. पुढे मेळघाटात आणि मध्यप्रदेशातील खंडवा-बऱ्हाणपूर भागातील सागवनांतही तो आढळला.

सरकारी दप्तरात हयात घालविलेल्यांना या कथेचे मर्म चटकन उमगेल. एक खोटी नोंद शोधाला वर्षानुवर्षे आडवाटेला नेऊ शकते आणि शंभर वर्षांपूर्वीची प्रामाणिक नोंद, लिहिणारा गेल्यावरही, योग्य दारापर्यंत पोहोचविते. मेळघाटाची सागवने आपल्यापासून फार दूर नाहीत. आपल्या रानातील एखाद्या पिंगळ्याचे डोके बिनठिपक्यांचे आहे काय, हे कोणी कॅमेऱ्याने निरखून पाहिले तर तो वेळ वाया जाणार नाही. आढळले नाही तर तीही नोंदच.

न टिपलेली गिधाडे

वनपिंगळा दुर्मिळ होता म्हणून हरवला, असे म्हणता येईल. पण जे सर्वत्र होते, तेही हरवले. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले, की आभाळातून गिधाडे उतरत आणि थोड्याच वेळात हाडे तेवढी उरत. त्यांच्याकडे कौतुकाने कोण पाहणार? अशुभ पक्षी म्हणून नजर वळवावी, नाक दाबून पुढे जावे, हीच रीत. नव्वदीच्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. कारण कळले ते २००४ मध्ये. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारात एक उरले. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद करण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून लांब चोचीची गिधाडे महाराष्ट्राच्या पेंचमध्ये आणि पांढऱ्या पाठीची ताडोबात आणली गेली. ज्या पक्ष्याची गणना कोणी करीत नव्हते, तो आता पिंजऱ्यात वाढवून, अंगावर उपकरण बांधून रानात सोडावा लागतो.

आता एक साधा प्रश्न. जाम किंवा कन्हानच्या काठी उतरलेल्या गिधाडांचे एखादे छायाचित्र आपल्या किती घरांत असेल? त्या काळी कॅमेरे नव्हते असे नाही. लग्नाला होते, सहलीला होते, स्नेहसंमेलनाला होते. गिधाडे रोजचीच, म्हणून ती कोणी टिपली नाहीत. त्यामुळे आज कोणी विचारले की, 'तुमच्या गावी गिधाडे किती होती, कोणत्या जातीची होती, कोणत्या वर्षापर्यंत होती?' तर 'पुष्कळ होती' याखेरीज आपल्यापाशी उत्तर नाही. इतिहासात 'पुष्कळ' या शब्दाला किंमत नसते.

म्हणून या छंदात पडणाऱ्याने आधी दुर्मिळाच्या मागे न धावता रोजचे टिपावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मधल्या जाम नदीत गोटमार होते आणि तिची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. त्याच नदीचे वर्षातील उरलेले दिवस कोण टिपतो? खंड्या, टिटवी, गायबगळा, पाण्याच्या कडेला शेपटी हलविणारा धोबी, तारेवर बसलेला नीलकंठ आणि वेडा राघू, बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी : ही आज रोजची पाखरे आहेत. पन्नास वर्षांपूर्वी गिधाडेही रोजचीच होती.

सरावाच्या काही गोष्टी

या छंदात हात कसा बसवावा, याविषयी थोडे व्यवहाराचे लिहितो. एकच जागा निवडावी : नदीचा एक घाट, एखादा पाझर तलाव किंवा आपलीच बाग. आठवड्यातून दोनदा, सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत तेथे जावे. त्या वेळचा उजेड तिरपा व मऊ असतो आणि पाखरेही हालचालीत असतात. पाखराच्या डोळ्याच्या पातळीवर येऊन चित्र घ्यावे, मग खाली बसावे लागले तरी हरकत नाही. डोळा रेखीव आला पाहिजे. डोळा धूसर असला तर बाकीचे पंख कितीही सुंदर असोत, चित्र निर्जीव वाटते. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवावा. मागे विजेचा खांब किंवा पोती येत असतील तर स्वतः दोन पावले सरकावे. पाखराला उठवू नये. पावसाळ्यात दमटपणामुळे भिंगावर बुरशी चढते, म्हणून कॅमेरा हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. मोठे भिंग नसेल तर फुलपाखरे, कोळी, मुंग्या, पळसाची फुले, सागाचा मोहोर यांपासून सुरुवात करावी. मोबाइलचा कॅमेराही तेथे पुरेसा होतो.

काही मर्यादा मात्र पाळल्याच पाहिजेत. घरट्याजवळ जाऊ नये, आडवी आलेली फांदी तोडू नये, पक्ष्याचा आवाज यंत्रावर वाजवून त्याला बोलावू नये. विणीच्या काळात आई घरट्यापासून थोडा वेळ दूर राहिली तरी पिले उन्हाने किंवा कावळ्याच्या चोचीने मरतात. अभयारण्यात छायाचित्रणाचे नियम आहेत; ते पाळावेत.

पक्ष्याचे नाव ठाऊक असणे, हाही सरावाचाच भाग. या बाबतीत आपली भाषा संपन्न आहे आणि तिचे ऋण मोठे आहे. विदर्भातील रानांत वनाधिकारी म्हणून वावरलेले मारुती चितमपल्ली यांनी आदिवासी आणि वाटाडे यांच्या तोंडची नावे, संस्कृत ग्रंथांतील नावे आणि शास्त्रीय नावे यांची सांगड घालून पक्षिकोश सिद्ध केला. २००६ च्या सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या भागातील गोंड, कोरकू आणि शेतकरी मंडळींच्या तोंडीही अशी नावे आहेत. चित्र काढल्यावर जवळच्या जाणत्या माणसाला ते दाखवून 'तुम्ही याला काय म्हणता?' असे विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे.

शेवटी नोंदीविषयी. डिजिटल चित्रात तारीख आपोआप साठते, हे खरे. पण संदेशांतून एकमेकांना पाठविलेल्या चित्रांतून ही माहिती बहुधा गळून पडते आणि मोबाइल बदलला की चित्रेही जातात. म्हणून वर्षाकाठी निवडक पंचवीस-तीस चित्रे तरी कागदावर छापून घ्यावीत आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने सहा गोष्टी लिहाव्यात : तारीख, वेळ, गाव व नेमकी जागा, प्राण्याचे नाव, तो काय करीत होता आणि चित्र घेणाऱ्याचे नाव. नाव ठाऊक नसेल तर 'नाव माहीत नाही' असेच लिहावे. अंदाजाने लिहू नये. वनपिंगळ्याच्या चिठ्ठीने काय केले, ते वर आलेच आहे.

ज्यांच्या घरी जुन्या पेट्या आहेत, त्यांनी त्या एकदा या दृष्टीने उघडून पाहाव्यात. शेतातील सहभोजनाच्या, नदीकाठच्या, बैलगाडीच्या एखाद्या चित्रात मागे कोपऱ्यात एखादा पक्षी, आज नसलेले एखादे झाड किंवा आभाळात घिरट्या घालणारे काळे ठिपके दिसण्याची शक्यता आहे. चित्र कोणत्या साली आणि कोठे काढले, हे सांगणारी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर त्यांना विचारून ते पाठीवर लिहून घ्यावे. अशा चित्रांच्या प्रती एकत्र करून आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात एक वेगळे दप्तर उघडता येईल आणि दरवर्षी पोळा ते होळी या काळातील नवी चित्रे त्याला जोडता येतील. संत्र्याच्या आंबिया बहराचा वास दरवळू लागला की बागांत फुलपाखरेही येतात. त्यांच्यापासूनच या दप्तराचे पहिले पान भरावयास घ्यावे.